मोठ्या पडद्यावर मोबाइलची साइट: काउंटरवर बसणाऱ्यांनी काय करायचं?

खडेबाजार_काउंटर
नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या सगळ्यांच्या कामाचा विषय आहे, म्हणून धागा काढतोय.

कंप्युटरवर साइट उघडली तरी ती फोनवरच्यासारखीच दिसते. मेन्यू तीन आडव्या रेघांत लपलेला. वर बोर्डाएवढी पट्टी चिकटून बसलेली, ती हलत नाही. खाली 'ॲप घ्या' म्हणणारी दुसरी पट्टी. मधल्या फटीत अर्जाचे तीनच रकाने दिसतात, चौथ्यासाठी खाली सरकवायचं. पूर्वी जो अर्ज एका पानावर होता त्याचे आता सात तुकडे, प्रत्येक तुकड्याला 'पुढे'. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं, त्याला नाव-गाव-सर्व्हे नंबर एका नजरेत दाखवून 'बरोबर आहे काय बघा' म्हणता येत नाही.

आपल्याकडे काम दुप्पट आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. उतारा, जात-उत्पन्न दाखला कर्नाटकाच्या साइटवर. कोल्हापूरकडच्या कॉलेजचा प्रवेश, तिकडच्या परीक्षांचे अर्ज महाराष्ट्राच्या साइटवर. दोन्हीकडे हाच प्रकार.

मशीन: १५.६ इंची लॅपटॉप, १३६६ × ७६८, विंडोज १०, क्रोम, झूम १००. आपल्या बाजूने काही करता येतं काय, की साइटवाल्यांनीच सुधारायला पाहिजे? कुठल्याही साइटचं नाव घेऊ नका, उपाय सांगा.

टिळकवाडी_वेब
दोन्ही. आधी आपल्या बाजूचं बघू, ते आत्ता पाच मिनिटांत होतं.

डेस्कटॉपवर राइट क्लिक करा, डिस्प्ले सेटिंग्ज उघडा, 'स्केल' किती आहे बघा. अक्षरं मोठी दिसावीत म्हणून बऱ्याच दुकानांत ते १२५ टक्के केलेलं असतं. साइटला तुमच्या पडद्याचे खरे ठिपके दिसत नाहीत, तिला दिसते ती स्केलने भागलेली रुंदी. १३६६ भागिले १.२५ म्हणजे १०९३. उंची ७६८ भागिले १.२५ म्हणजे ६१४. तुमचा लॅपटॉप साइटच्या लेखी १०९३ × ६१४ चा आहे, म्हणजे आडवा धरलेला टॅबलेट.

आता साइट कशा ठरवतात ते बघा. खूप साइट बूटस्ट्रॅप नावाचा तयार साचा वापरून केलेल्या असतात. ज्या रुंदीवर मांडणी बदलते ते त्याचे टप्पे ५७६, ७६८, ९९२ आणि १२०० पिक्सेल (ठिपके) असे आहेत. पाचव्या आवृत्तीत १४०० चा अजून एक आला. मेन्यू कुठल्या टप्प्यावर उलगडायचा हे साइट करणारा ठरवतो. मेन्यूत दहा-बारा लांब नावं असली की ती ९९२ मध्ये बसत नाहीत, मग तो १२०० चा टप्पा धरतो. तुमचे १०९३ त्याच्या आत पडतात. मेन्यू मिटला, रकाने एकाखाली एक आले.

उपाय: कंट्रोल धरून वजाचं बटण एकदा दाबा. क्रोमचा झूम १०० वरून ९० वर येतो. १०९३ भागिले ०.९ म्हणजे १२१४. टप्पा ओलांडला, मेन्यू उघडला. अक्षरं बारीक होतील म्हणून घाबरू नका, १२५ च्या ९० टक्के म्हणजे साडेबारा टक्के जास्तच आहेत अजून. एकदा दाबून झालं नाही तर अजून एकदा: ८० वर पूर्ण १३६६ मिळतात. क्रोम आणि फायरफॉक्स दोघेही झूम साइटवार लक्षात ठेवतात, रोज करावं लागत नाही.

फुल एचडी लॅपटॉपवाल्यांनी पण हे तपासा. १९२० चा पडदा १५० स्केलला १२८० होतो. १४०० चा टप्पा धरून केलेली साइट तिथेही मिटते.

नेमकी रुंदी बघायची असेल तर क्रोममध्ये एफ१२ दाबा आणि खिडकीची कड ओढा. ओढताना पानाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात दोन आकडे दिसतात. पहिला आकडा रुंदीचा.

खडेबाजार_काउंटर
स्केल १२५ च निघालं. ९० वर एका साइटचा मेन्यू उघडला, दुसरीचा ८० वर. पण वरची पट्टी तशीच आहे, उंचीचं काय?

टिळकवाडी_वेब
उंचीचा हिशेब रुंदीपेक्षा वाईट आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही. ६१४ मधून टास्कबारचे ४० वजा करा. क्रोमचे टॅब आणि पत्त्याची पट्टी मिळून साधारण ८५. उरले ४८९. बुकमार्कची पट्टी उघडी असली तर अजून तीसेक गेले. त्यात साइटची चिकट पट्टी १२० ची, ॲपची ६० ची. अर्जाला उरतात तीनशे. फोनवर अंगठ्याने दाबायला सोपा म्हणून रकाना ४८ पिक्सेल उंच ठेवतात, त्यावर नावाची ओळ २४, खाली मोकळी जागा २४. एका रकान्याला ९६. तीनशेत तीन. तुम्ही वर जे तीन रकाने म्हणालात ते हेच.

फोन उभा असतो, त्याला उंची भरपूर आणि रुंदी कमी. लॅपटॉप आडवा, त्याचं नेमकं उलटं. फोनवर शंभर पिक्सेलची पट्टी खपून जाते, लॅपटॉपवर ती पाचवा हिस्सा खाते.

करायचं काय: कंट्रोल-शिफ्ट-बी ने बुकमार्कची पट्टी बंद करा. अर्ज भरताना एफ११ दाबा, टास्कबार आणि टॅब दोन्ही जातात, सव्वाशे पिक्सेल परत मिळतात. बाहेर यायला पुन्हा एफ११.

चिकट पट्टीसाठी फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन टाका. त्याच्या चौकटीत दोन चिन्हं आहेत. विजेचं चिन्ह दाबून पट्टीवर क्लिक केलं तर ती तेवढ्यापुरती जाते, पान पुन्हा उघडलं की परत येते. ड्रॉपरचं चिन्ह वापरलं तर नियम जतन होतो आणि कायमची जाते. सुरुवातीला विजेचंच वापरा. कायमची काढलेली पट्टी म्हणजे तिच्यातलं 'लॉगआउट'ही गेलं, आणि सार्वजनिक मशीनवर गिऱ्हाइकाचं खातं उघडं राहणं फार वाईट.

निपाणी_बाजारभाव
माझा प्रश्न तक्त्यांचा. बाजार समितीच्या दरांचा तक्ता पूर्वी आडवा असायचा: माल, आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण दर. आता प्रत्येक मालाचं एक वेगळं कार्ड येतं, पाच ओळींचं. बटाट्याचा कमाल दर कांद्याच्या कमाल दराशी ताडून बघायचा तर दोन्ही एका वेळी पडद्यावर येत नाहीत. तक्ता असतोच मुळी वरून खाली नजर फिरवायला. फोनवर तो मोडावा लागतो हे कळतं, पण १३६६ वर मोडायचं कारण काय?

टिळकवाडी_वेब
आधी झूम ८० किंवा ७५ करून बघा. टप्प्यामुळे मोडला असेल तर आपोआप आडवा होतो.

नाही झाला तर मूळ रचनाच कार्डांची आहे. मग सगळी कार्डं निवडून कॉपी करा आणि एक्सेलमध्ये पेस्ट करा. सगळं एका उभ्या रकान्यात येईल, एका मालाच्या पाच ओळी. नव्या एक्सेलमध्ये रॅपरोज नावाचं सूत्र आहे. त्याला पहिल्यांदा तो उभा पट्टा द्यायचा, मग ५ हा आकडा. दोनशे ओळींचा पट्टा चाळीस ओळी आणि पाच रकान्यांचा तक्ता होऊन समोर येतो. मात्र एखाद्या मालाची आवक कोरी असेल आणि ती ओळच आली नसेल तर तिथून पुढचं सगळं एकाने सरकतं. म्हणून सूत्र लावण्याआधी ओळींची संख्या पाचाने भागली जाते काय ते बघा. भाग जात नसेल तर कुठेतरी ओळ गाळलेली आहे, ती शोधून कोरी ओळ घाला.

हल्याळकर
तक्ता आडवा असेल पण उजवीकडे कापलेला दिसत असेल तर शिफ्ट धरून माउसचं चाक फिरवा, आडवा सरकतो. फोनवर बोटाने ओढतात म्हणून खाली सरकपट्टी ठेवलेलीच नसते. फोटोंच्या आडव्या रांगांनाही हेच चालतं.

'कॉल करा' एवढंच बटण असतं आणि नंबर कुठेच छापलेला नसतो, त्याला पण उपाय आहे. बटणावर माउस नुसता ठेवा, क्लिक करू नका. ब्राउझरच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात नंबर दिसतो. नाही दिसला तर राइट क्लिक करून लिंकचा पत्ता कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा.

खडेबाजार_काउंटर
जन्मतारखेचं पण सांगा कोणीतरी. कॅलेंडर उघडतं, त्यात आजचा महिना, आणि मागे जायला एकच बाण.

हल्याळकर
साठ वर्षांच्या माणसासाठी तो बाण ७२० वेळा दाबावा लागेल. दाबू नका. कॅलेंडरच्या डोक्यावर महिना-वर्ष लिहिलेलं असतं, त्यावरच क्लिक करा. बऱ्याच कॅलेंडरात एकदा क्लिक केलं की बारा महिने येतात, दुसऱ्यांदा केलं की वर्षांची यादी. ब्राउझरचा स्वतःचा तारखेचा रकाना असेल तर कॅलेंडर उघडूच नका. रकान्यातल्या दिवसावर क्लिक करून सरळ आकडे टाइप करा, तो आपोआप महिन्यावर आणि मग वर्षावर जातो. महिना आधी की दिवस आधी हे मशीनच्या भाषा-प्रदेशावर ठरतं, इंग्लिश अमेरिका ठेवलेलं असेल तर महिना आधी येतो. ५ सप्टेंबरचं ९ मे होतं ते इथेच. विंडोजच्या प्रदेश-सेटिंगमध्ये इंग्लिश भारत ठेवा.

शहापूर_डीटीपी
एक गोष्ट अजून कुणी काढली नाही, आणि आपल्या भागात तीच जास्त नडते. अक्षरं कापली जाणं.

फोनसाठी केलेल्या बटणांची, रकान्यांची उंची ठरावीक असते. इंग्रजी अक्षराला ती पुरते. देवनागरीत रेफ आणि वेलांटी वर जातात, उकार खाली जातो. कन्नडमध्ये तर जोडाक्षराचा दुसरा भाग, ओत्तक्षर, मूळ अक्षराच्या खाली लटकतो. सोळा पिक्सेलच्या अक्षराला ओळीची उंची १.२ पट ठेवली तर एकूण १९ पिक्सेल मिळतात. त्यात ओत्तक्षर बसत नाही, खालून कापलं जातं.

याने काय होतं ते नीट बघा. कन्नडमध्ये 'पट्टणशेट्टी' लिहिलं तर दोन्ही ठिकाणचा दुसरा ट खाली येतो. खालची कड कापली की पडद्यावर 'पटणशेटी' दिसतं. वाचणारा तेच खरं समजून दुसऱ्या अर्जात, मराठीत, तसंच उतरवतो. दोन राज्यांच्या कागदांवर एका माणसाची दोन आडनावं तयार होतात, आणि ती एक करायला प्रतिज्ञापत्र करावं लागतं. हे किरकोळ नाही.

झूम वाढवून उपयोग नाही, रकाना आणि अक्षर दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात, कापलेलं कापलेलंच राहतं. पण पडद्यावर कापलं तरी आतला मजकूर शाबूत असतो. निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा, फॉन्ट निर्मला यूआय ठेवा. विंडोज ८ पासून तो सोबतच येतो आणि देवनागरी, कन्नड दोन्ही त्यात आहेत. नावाच्या शेवटी तीन टिंबं येऊन नाव तुटतं तिथेही हेच करा. कन्नड नाव कधीही पडद्यावरून बघून उतरवू नका, नोटपॅडमधून वाचा.

ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'किमान अक्षर आकार' १६ किंवा १८ ठेवलेला असेल तर तो काढा. त्याने अक्षर वाढतं, रकाना वाढत नाही, आणि कापणं अजून वाढतं. अक्षर मोठं पाहिजे तर झूमच वापरा.

हिंडलगा_वाचनालय
सगळ्यांचं वाचलं. एक बाजू राहू नये म्हणून लिहिते. वाचनालयात ज्येष्ठ मंडळी कंप्युटरवर बातम्या वाचतात. नजर कमी झालेल्या माणसासाठी झूम ४०० करावा लागतो. १२८० चा पडदा ४०० वर ३२० होतो, म्हणजे बरोबर छोट्या फोनएवढा. साइट मोबाइलसाठी नीट केलेली असेल तर मजकूर एका रकान्यात येतो आणि आडवं सरकवावं लागत नाही. वेबच्या सुलभतेच्या नियमावलीत ३२० चा आकडा याच कारणाने ठेवलेला आहे. जुन्या रुंद साइटवर अशा वाचकाला प्रत्येक ओळ डावी-उजवीकडे ओढत वाचावी लागायची. तेव्हा मोबाइलची मांडणीच काढून टाका अशी मागणी कुणी करू नका.

बातम्या वाचणाऱ्यांसाठी: फायरफॉक्समध्ये आणि एजमध्ये एफ९ दाबा, वाचन-दृश्य उघडतं. पट्ट्या, जाहिराती, चिकटलेली बटणं सगळं जातं. अक्षराचा आकार, ओळींमधलं अंतर आणि रकान्याची रुंदी तिथेच बदलता येते. सगळ्या पानांवर ते मिळत नाही, पत्त्याच्या पट्टीत पुस्तकाचं किंवा पानाचं चिन्ह दिसलं तरच.

टिळकवाडी_वेब
अक्का, अगदी बरोबर. मोबाइल-फर्स्ट ही कल्पना ल्यूक व्रोब्लेव्स्की यांनी २००९ मध्ये मांडली, आणि २०१० च्या मे महिन्यात ईथन मार्कोट यांनी पडद्याप्रमाणे बदलणाऱ्या मांडणीला 'रिस्पॉन्सिव्ह' हे नाव दिलं. मोबाइल-फर्स्टमध्ये अभिप्रेत असं होतं की छोट्या पडद्यापासून सुरुवात करायची आणि जागा मिळेल तशी भर घालायची. पुढे गूगलने २०१६ मध्ये मोबाइलची आवृत्ती धरूनच शोधासाठी साइटची नोंद करायचं जाहीर केलं, १ जुलै २०१९ पासून नव्या साइटना ते सरसकट लागू झालं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये बदल पूर्ण झाल्याचं सांगितलं. त्यामुळे सगळ्यांचं लक्ष फोनकडे गेलं. भर घालायचं दुसरं अर्धं काम मात्र बहुतेक ठिकाणी राहून गेलं, आणि तेच आपण भोगतोय.

आपल्या भागात साइट करून देणारी पोरं इथे वाचत असतील तर त्यांना हात जोडून सांगतो, एवढं करा. वरची पट्टी चिकटवायची तर उंची ७०० पेक्षा जास्त असेल तरच चिकटवा. रुंदीसारखी उंचीचीही अट लिहिता येते. रकान्यांना ठरावीक उंची देऊ नका, किमान उंची द्या, आणि कन्नड-मराठीसाठी ओळीची उंची १.६ ठेवा. बोटाने दाबायची मोठी बटणं फक्त बोट वापरणाऱ्या उपकरणांना द्या. टोकदार माउस आहे की बोट हे ब्राउझरला विचारता येतं. तक्त्याचं कार्ड करायचं की नाही हे पडद्याच्या रुंदीवर न ठरवता तक्ता ज्या चौकटीत आहे तिच्या रुंदीवर ठरवा. त्यासाठीच्या 'कंटेनर क्वेरी' फेब्रुवारी २०२३ पासून सगळ्या मुख्य ब्राउझरांत चालतात, आता सबब उरलेली नाही. आणि साइट हवाली करण्याआधी १०९३ × ४८९ या मापावर एक अर्ज पहिल्या रकान्यापासून पावतीपर्यंत भरून बघा.

तक्रार पाठवणाऱ्यांनी 'साइट नीट दिसत नाही' असं लिहू नका, त्यावर काही होत नाही. लिहा: रुंदी १०९३, उंची ४८९, ब्राउझर क्रोम, झूम १००, मेन्यू मिटलेला, अर्जाचे तीन रकाने दिसतात, ९० झूमवर मेन्यू उघडतो. सोबत दोन्ही स्थितींचे स्क्रीनशॉट. एवढं हातात आलं की करणाऱ्याला शोधत बसावं लागत नाही.

खानापूर_ऑनलाइन
पडद्याचं जमलं. आता छपाईचं सांगा. पडद्यावर चांगली आडवी दिसणारी यादी प्रिंटला दिली की पुन्हा मोबाइलसारखी एका रकान्यात, एका पानाचं काम चार पानांत. शिवाय वरची चिकट पट्टी प्रत्येक पानावर छापून येते आणि तिच्याखाली दोन ओळी झाकल्या जातात.

टिळकवाडी_वेब
छापताना साइट पडद्याची रुंदी विसरते, कागदाची धरते. ए४ ची रुंदी २१० मिमी, म्हणजे ७९४ पिक्सेल. दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर समास सोडला की १९० मिमी, ७१८ पिक्सेल. ७६८ चा टप्पा हुकला आणि कागदाला मोबाइलची मांडणी मिळाली.

कागद आडवा केला तर समास सोडून २७७ मिमी, म्हणजे १०४७ पिक्सेल मिळतात, ९९२ सुद्धा ओलांडतो. उभाच पाहिजे असेल तर प्रिंटच्या चौकटीत 'मोअर सेटिंग्ज' मध्ये स्केल ७० करा. ७१८ भागिले ०.७ म्हणजे १०२६.

चिकटलेली वस्तू प्रत्येक कागदावर पुन्हा उमटते, ब्राउझर तसंच करतो. छापण्याआधी कंट्रोल-शिफ्ट-सी दाबा, पट्टीवर क्लिक करा, बाजूच्या कोडमध्ये ती ओळ निळी झाली की डिलीट दाबा. पट्टीचा एखादाच तुकडा गेला तर कंट्रोल-झेड करून त्याच्या वरची ओळ निवडा. मग एफ१२ ने ती चौकट बंद करा आणि छापा. हे फक्त याद्या, वेळापत्रकं, माहितीची पानं यांच्यासाठी. दाखला किंवा उतारा असेल तर साइट देते ती पीडीएफच छापायची, पानातलं काहीही काढायचं नाही.

खानापूर_ऑनलाइन
यादी उभ्या कागदावरच मागतात, फाइलला लावायची असते. ७० वर अक्षर फार बारीक येतंय, म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही.

शहापूर_डीटीपी
७० वर १२ पॉइंटचं अक्षर ८.४ होतं, बारीक वाटणारच. समास कमी करून स्केल वाढवा. समास 'नन' करू नका, लेझर प्रिंटर कडेचे तीन-चार मिमी छापत नाही, कडेचा मजकूर जातो. 'कस्टम' घेऊन डावी-उजवी ५ मिमी ठेवा. रुंदी २०० मिमी होते, ७५६ पिक्सेल. स्केल ७५ ठेवलं तर १००८, म्हणजे ९९२ चा टप्पा ओलांडतो, आणि अक्षर ९ पॉइंट येतं. ७६ वर ९९५ मिळतात, तिथपर्यंत जाऊ शकता. ७७ वर ९८२ होतात आणि रकाने पुन्हा मोडतात. फाइलला भोकं पाडायची असतील तर डावीकडे १२ मिमी आणि उजवीकडे ५ ठेवा, मग स्केल ७३ च्या वर नेऊ नका.

खानापूर_ऑनलाइन
डावीकडे १२, उजवीकडे ५, स्केल ७३. यादी उभ्या एका पानात बसली, रकाने जागेवर आहेत, भोकं मजकुराच्या बाहेर पडली. तळाशी कन्नड नावांची ओत्तक्षरं पण पूर्ण उमटली आहेत, नोटपॅडशी ताडून बघितली.